दहा सेकंदांची भाऊबंदकी

थोरल्याच्या हृदयाची झडप बदलायची ठरली, त्याच आठवड्यात धाकट्याने दुकानातल्या कॉम्प्युटरचा पहिला नंबर बदलला. एरवी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण भाऊ म्हटले की संबंध लागतो, आणि लागला की तो सोडवता सोडवत नाही.

दुकान फोटोंचं होतं. थोरला मेलेल्यांचे फोटो करायचा आणि धाकटा जिवंतांचे. म्हणजे असं, की कुणाचे वडील किंवा आजी गेली की घरची माणसं कोपरे झिजलेला एखादा जुना फोटो घेऊन यायची. थोरला त्यावरचे डाग काढायचा, शेजारच्या माणसाचा खांद्यावर आलेला हात पुसायचा आणि फोटो मोठा करून चौकटीत बसवून द्यायचा. धाकटा ओळखपत्रांचे फोटो काढायचा. "हनुवटी खाली. हसू नका." दिवसभरात त्याचं एवढंच बोलणं.

दोघे सख्खे भाऊ. दुकानाच्या वरच एका घरात राहणारे, एकाच बाईच्या हातचं जेवणारे. ही बाई म्हणजे थोरल्याची बायको, धाकट्याची वहिनी. धाकट्याचं लग्न आज करू उद्या करू म्हणताना राहूनच गेलं होतं. तर असे हे दोघे, आणि दोघांत बोलणं बंद. एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं.

कारण ऐकलंत तर कपाळाला हात लावाल. वडील गेले तेव्हा त्यांचा कोणता फोटो मोठा करायचा यावर वाद झाला. थोरला म्हणाला, चष्मा लावलेला. धाकटा म्हणाला, बाबा चष्मा फक्त वाचताना लावायचे, बिनचष्म्याचा करायचा. शब्दाने शब्द वाढला. "बाबांना तू ओळखतोस की मी?" इथपर्यंत गाडी गेली आणि तिथेच रुतली. शेवटी दोघांनी आपापला फोटो केला. दुकानाच्या एका भिंतीवर चष्म्याचे वडील आणि समोरच्या भिंतीवर बिनचष्म्याचे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, जुळे होते वाटतं.

दुकान एवढंसं, टेबल एकच मावायचं, म्हणून कॉम्प्युटरही एकच. मग घराची वाटणी करतात तशी त्याची वाटणी झाली. ती करून दिली 'रीस्टार्ट'ने. हा त्या भागातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. कुणी काहीही तक्रार सांगितली की पहिला प्रश्न, "बंद करून चालू केलं का?" त्यामुळे हे नाव पडलं. त्याने एका भागात विंडोज ठेवली, कारण थोरल्याचा हात बसलेला फोटोचा प्रोग्रॅम त्यातच चालायचा. दुसऱ्या भागात विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स टाकलं, कारण धाकट्याला थोरल्याचं काही म्हणजे काही वापरायचं नव्हतं. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. वर 'थोरले', खाली 'धाकटे'. दहा सेकंदांत बाणाची कळ दाबून आपली ओळ निवडायची. नाही निवडली, तर जिचा पहिला नंबर ती आपोआप सुरू. पहिला नंबर अर्थातच थोरल्याचा.

सकाळी मेलेले, दुपारनंतर जिवंत, असा कामाचा रिवाज होता. दुपारी धाकटा मशीन चालू करायचा, दिवा नीट करायला वळायचा, फोटोमागचा पडदा सरळ करायचा, आणि परत येऊन बघावं तर थोरल्याची विंडोज उघडलेली. मग ती बंद करा, पुन्हा चालू करा, आणि यावेळी उतू जाणाऱ्या दुधासमोर उभं राहावं तसं उभे राहा. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलणार कुणाला? तो वहिनीला म्हणायचा, "त्यांना सांगा, नंबर बदलू दे म्हणावं." वहिनी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत जायची आणि परत यायची. "ते म्हणतात, मी थोरला आहे."

इतकी वर्षं वहिनीने निरोप वाहिले. डॉक्टरांनी झडपेचं सांगितलं त्या दिवशी मात्र ती दमली. घरी आल्यावर थोरला कोचावर बसून म्हणाला, "त्याला सांग, मला भरती व्हायचंय म्हणून."

"तुम्ही सांगा," वहिनी म्हणाली.

थोड्या वेळाने धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. "काय म्हणाले डॉक्टर?"

"ज्यांना सांगितलं त्यांना विचारा, भावजी. माझं पोस्ट ऑफिस आजपासून बंद."

दोघांना वाटलं, रागावलीय, जेवणं होईपर्यंत निवळेल. ती निवळली नाही. रात्रंदिवस एकाच काळजीने तिचा जीव टांगणीला लागला होता. हा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर आडवा होईल, काय व्हायचं ते होईल, आणि पाठच्या भावाशी एक शब्द बोललेला नसेल. त्यापेक्षा निरोप बंद केले तर निदान तोंड तरी उघडतील, असा तिचा हिशेब. तो साफ चुकला. दोघांनी मूग गिळले ते गिळलेच.

आता धाकट्याचं बघा. भावाला काय झालंय ते शेजारच्या औषधाच्या दुकानदाराकडून कळलं. वर जाऊन विचारावंसं वाटलं. जिन्याच्या पायरीपर्यंत गेलाही, आणि परत आला. आणि विचारता येत नाही म्हटल्यावर माणूस जे करतो ते त्याने केलं, रागावला. मशीनसमोर बसला आणि मनाशी म्हणाला, हे जाणार दवाखान्यात, महिनाभर मेलेल्यांचं काम बंद, मग मशीनने रोज दहा सेकंद कुणाची वाट बघायची? नंबर बदलायचा छोटा प्रोग्रॅम रीस्टार्टने त्याच्याच भागात टाकून ठेवला होता. धाकट्याने 'धाकटे' ही ओळ उचलून वर नेली आणि घरी जाऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने मशीन चालू केलं, टेबल पुसलं, चौकटीच्या काचा पुसल्या, आणि वळून बघतो तर समोर धाकट्याचं लिनक्स. तो खुर्चीत मटकन बसला. राग नंतर आला. आधी आलं ते रडू.

"अजून टेबलावर झोपलोसुद्धा नाही," तो चष्म्याच्या वडिलांकडे बघून म्हणाला, "आणि यानं मला खाली ढकललं!"

मग तो शत्रूच्या गोटात शिरला. पासवर्ड अडचणीचा नव्हता. लहानपणी दोघांनी मिळून पाळलेल्या कुत्र्याचं नाव होतं ते. प्रोग्रॅम सापडला. आपली ओळ त्याने वर नेली. नेता नेता बोट कुठेतरी जास्त दाबलं गेलं आणि 'थोरले' हा शब्द निळा झाला. म्हणजे नावही बदलता येतं तर! थोरल्याने क्षणभर विचार केला आणि मशीनला मराठी अक्षरं जमत नसल्यामुळे इंग्रजी अक्षरांत, पण शुद्ध मराठीत टाइप केलं.

दुपारी धाकट्याने मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. खाली 'धाकटे'. वर 'अजून जिवंत आहे'.

दहा सेकंद तो बघत राहिला. बाण दाबायचं भान राहिलं नाही. विंडोज उघडली, त्याने बंद केली, आणि पुन्हा वाचलं. नाकाला मिरच्या झोंबल्या त्याच्या. "मी कधी म्हटलं मेलास म्हणून?" तो मोठ्यांदा म्हणाला. फोटोसाठी स्टुलावर बसलेली बाई घाबरून उभी राहिली.

त्याने आपली ओळ वर नेली आणि नाव ठेवलं 'कोणी मारलं तुला'.

सकाळी उत्तर आलं, 'मग नंबर का काढलास'.

दुपारी, 'महिनाभर कोण बघणार होतं'.

सकाळी, 'महिना कोणी सांगितला. डॉक्टर आठवडा म्हणाले'.

धाकट्याने ही ओळ वाचली आणि दिवा लावायचा विसरला. आठवडा! औषधवाल्याने तर महिना-दीड महिना सांगून त्याची झोप उडवली होती. त्या दुपारी त्याने एकाही गिऱ्हाइकाला "हसू नका" म्हटलं नाही. चार हसऱ्या चेहऱ्यांची ओळखपत्रं कुठल्यातरी कचेरीतून परत आली, तो भाग वेगळा.

मग मशीन दिवसभर बंद-चालू व्हायला लागलं. पहिल्या नंबरची मारामारी चालूच होती. ज्याने शेवटचं लिहिलं त्याची ओळ वर. पण ओळींमध्ये आता मजकूर यायला लागला. 'रक्त लागणार का'. 'लागलं तर सांगू'. 'माझा गट तोच आहे'. 'माहीत आहे, लहानपणी मीच तुला दवाखान्यात नेलेलं'. एकदा नुसतंच 'जेवलास का'. हा प्रश्न एकाच छताखाली, एकाच पातेल्यातलं खाणाऱ्या माणसाने विचारलेला होता, आणि दुसऱ्याने त्याला गंभीरपणे 'हो' असं उत्तर दिलं होतं. वर घरात मात्र एक जण पुढच्या खोलीत आणि दुसरा मागच्या. समोरासमोर आले की दोघेही भिंतीला चिकटून वाट द्यायचे.

"दुकानात काय चाललंय?" वहिनीने नवऱ्याला विचारलं. "सारखं ते मशीन बंद-चालू केल्याचा आवाज येतो."

"जुनं झालंय," थोरला म्हणाला.

तिने मान वळवली. तिला वाटलं, जग बुडालं तरी हे दोघे असेच राहणार.

गिऱ्हाइकांचे हाल झाले ते सांगायलाच नकोत. एक गृहस्थ सासऱ्यांचा फोटो मोठा करायला देऊन गेले होते. ते दर सकाळी यायचे आणि थोरला त्यांना थांबवून मशीन बंद करायचा. "का हो, बंद का केलं?" "उत्तर आलंय का बघतो." "सासऱ्यांचं?" गृहस्थांनी घाबरून विचारलं. दुपारची एक बाई तर पडद्यावरचं वाचून धाकट्याला म्हणाली, "झडपेचं ऑपरेशन ना? माझ्या दिरांचं झालं. चांगले होते हो ते." होते म्हणाली. धाकट्याने तिचा फोटो तीनदा काढला आणि तिन्ही हलले.

भरती व्हायचा दिवस आला. सकाळी निघण्याआधी थोरला म्हणाला, "खाली एक काम राहिलंय," आणि दुकानात गेला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. वहिनी पिशवी घेऊन जिन्यात उभी राहिली. रिक्षावाला ओरडायला लागला तरी हा माणूस बाहेर येईना. आला तेव्हा डोळे लाल होते. "धूळ फार झालीय," म्हणाला आणि रिक्षात बसला. धाकटा वरच्या खिडकीत उभा होता. येऊ का, असं त्याने विचारलं नाही. चल, असं याने म्हटलं नाही. रिक्षा वळेपर्यंत एक वर बघत होता आणि एक खाली, आणि नजरेला नजर मात्र एकदाही भिडली नाही. काय म्हणावं अशा माणसांना!

रिक्षा दिसेनाशी झाली तसा धाकटा धावतच खाली आला. मशीन चालू केलं.

पडद्यावर दोनच्या जागी पाच ओळी होत्या.

'छोट्या, उद्या मला आत नेणार'.

'तुझ्या वहिनीला सांगू नको पण मला भीती वाटते'.

'झोप येत नाही'.

'काही झालं तर माझा फोटो तू कर'.

'चष्म्याशिवाय चालेल'.

दहा सेकंद संपले. मशीनने पहिली ओळ उघडायचा प्रयत्न केला, काही सापडत नाही असं सांगितलं आणि पुन्हा त्याच पाच ओळी दाखवल्या. धाकट्याने दुसरी दाबून पाहिली, तिसरी, चौथी. सगळ्यांचं तेच. थोरल्याने काय केलं होतं, ते आपण समजून घेऊ. एका ओळीत मनातलं मावेना, म्हणून 'नवीन ओळ' असं बटण दिसलं ते तो दाबत गेला होता. आणि पाच ओळी झाल्यावर, खालच्या दोन जुन्या ओळी उगाच अडचण करताहेत म्हणून त्याने त्या काढून टाकल्या होत्या. मशीन सुरू करणाऱ्या ओळी नेमक्या त्याच. आता मशीनमध्ये थोरला होता, पण विंडोज नव्हती आणि लिनक्सही नव्हतं.

धाकटा स्टुलावर बसून ढसाढसा रडला. साठी ओलांडलेल्या थोरल्याला एकदा 'छोट्या' अशी हाक मारायची होती, आणि त्याला त्यासाठी आख्खा कॉम्प्युटर मोडावा लागला.

इतक्यात सासऱ्यांचे जावई आले. "झाला का फोटो? संध्याकाळी शोकसभा आहे."

"मशीन बंद पडलंय."

"अहो, मग सभेत खुर्चीवर ठेवू काय? खुर्ची?"

धाकट्याने रीस्टार्टला फोन केला. तो आला, बसला, आणि तोंड उघडणार तोच धाकटा म्हणाला, "केलं. बंद करून चालू केलं. सकाळपासून तेच करतोय."

रीस्टार्टने पडदा वाचला. एकदा वाचला, दुसऱ्यांदा हळू वाचला आणि घसा खाकरला. "हे... हे सगळं पुसावं लागेल. यादी नवीन करायला पाहिजे."

"पुसल्याशिवाय नाही होत?"

"नाही ना."

"नीट बघ ना जरा."

"बघितलं हो. या ओळी नुसत्याच ओळी आहेत. त्यांच्या मागे काही नाही."

"तुला काय माहीत मागे काय आहे!" धाकटा इतक्या जोरात ओरडला की जावई सासऱ्यांना विसरून दारापर्यंत गेले. मग त्याने कपाटातून छोटा कॅमेरा काढला, तिकाटण्यावर लावला, दिवे विझवले. दर दहा सेकंदांनी पडदा लुकलुकायचा, त्यामुळे नेम धरावा लागत होता. आयुष्यभर जिवंत माणसांचे फोटो काढले त्याने, पण इतकं जोखमीचं काम आलं नव्हतं. फोटो निघाला. त्याने तो दोनदा मोठा करून बघितला, अक्षर न् अक्षर आलं होतं.

"पूस," तो म्हणाला.

रीस्टार्टने खिशातली पेनड्राइव्ह लावली, खटाखट काहीतरी टाइप केलं, आणि जुनी यादी परत आली. "पहिला नंबर कुणाचा ठेवू?"

"दादाचा."

मशीन सुरू झालं. विंडोज उघडली. धाकटा पहिल्यांदाच मेलेल्यांच्या भागात शिरला, सासरे शोधले, छापले आणि जावयांच्या हातात दिले. जावयांनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. "हसताहेत की हे! सासरे कधी हसत नव्हते."

"आता हसतात. न्या," धाकटा म्हणाला. त्याने कॅमेरा खिशात टाकला, शटर ओढलं आणि दवाखान्याकडे निघाला.

वाटेत त्याने ठरवलं होतं, गेल्या गेल्या दादाचा हात धरायचा आणि सांगायचं, वाचलं मी सगळं, घाबरू नकोस. पण खोलीत शिरला आणि थोरल्याने त्याच्याकडे बघितलं. पांढराफटक चेहरा, अंगात दवाखान्याचा झगा, आणि डोळ्यांत अशी लाज, की चोरी करताना पकडलेल्याच्या डोळ्यांतही नसेल. शेजारी वहिनी बसली होती. तिच्यासमोर हा काही बोलला तर, या धास्तीने थोरल्याने चादर गळ्यापर्यंत ओढली.

धाकट्याचा हात खिशातल्या कॅमेऱ्यावर होता. तो तिथेच राहिला.

"दुकान टाकून कसा आलास?" थोरल्याने विचारलं. भिंतीकडे बघून विचारलं, पण विचारलं. वहिनीच्या हातातलं भांडं खाली पडलं.

"मशीन बंद पडलंय."

"कधी?"

"तू सकाळी हात लावलास तेव्हापासून. काळंकुट्ट. एक अक्षर उमटत नाही."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा नाही, दादा."

थोरल्याने मोठा श्वास सोडला. त्याला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. दोन्ही एकदमच तोंडावर दिसलं. मग त्याने चादर खाली सारली आणि सुरुवात केली. "मी हात लावला म्हणून बंद? आणि तू रोज उठून त्याच्याशी खेळतोस ते? त्या जावयाला काय सांगितलंस? सांगितलंस तरी का? माझं नाव घालवणार तू! आणि शटर नीट लावलंस का? डावीकडची कडी अडकते, ती वर उचलून लावायची, हजारदा सांगितलंय—"

"कधी सांगितलंस? वर्षानुवर्षं बोललायस का माझ्याशी?"

"तू बोललास का?"

नर्स आत डोकावली. "हळू बोला, इथे बाकीचे पेशंट आहेत."

"आम्ही बोलतच नाही हो," दोघे एकदम म्हणाले. वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. ती हसत होती की रडत होती ते पाठमोरं कळलं नाही.

दोघे उरले. थोरल्याचं बोलणं संपलं होतं, आणि आता त्याची बोटं चादरीची कड गोळा करत होती.

"रीस्टार्टला बोलाव," तो हळूच म्हणाला.

"बोलावलं. आठवडा लागेल म्हणतो."

"आठवडा? गाढव आहे तो! मग आठवडाभर तू करणार काय?"

"काय करणार? दुकान बंद. घरी भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा इथे बाहेर बाकावर बसीन म्हणतो."

थोरल्याने चादरीची कड सोडली. मग त्याने हनुवटीने पलंगाशेजारची खुर्ची दाखवली. धाकट्याने ती पुढे ओढली आणि बसला. त्याला आता कितीतरी सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

"बस," थोरला डोळे मिटून म्हणाला. "पण बोलू नकोस आता. झोप येतेय मला."